प्रगतिपुस्तकाचा ताळेबंद

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला आकड्यांतलं सगळं कळतं, असा आपल्या समाजात एक भाबडा समज आहे. डॉक्टर दिसला की लोक जीभ बाहेर काढतात, वकील भेटला की भावकीच्या जमिनीचा सात-बारा काढतात. तसा माझ्यासारखा बी.कॉम. झालेला आणि वीस-बावीस वर्षं काउंटरमागे काढलेला कारकून दिसला, की आमच्या सोसायटीतले लोक पिशवीतून कागद काढतात. एरवी ते कागद विम्याचे असतात, म्युच्युअल फंडाचे असतात, क्वचित वीजबिलही असतं. पण एप्रिल संपून मे उजाडला की सगळ्यांच्या पिशवीतून एकच कागद निघतो. चिरंजीवांचं नाहीतर कन्येचं प्रगतिपुस्तक! आणि त्याच्याबरोबर एकच प्रश्न निघतो. "अहो, ब-१ म्हणजे किती टक्के?"

ह्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा त्याच पुस्तकाच्या मागच्या पानावर छापलेलं असतं. पण छापील कागदाचं मागचं पान वाचायची आपल्यात पद्धत नाही. कर्जाच्या करारपत्राचंही मागचं पान कुणी वाचत नाही, आणि खरं सांगायचं तर ते वाचाच असा आग्रह काउंटरच्या अलीकडूनही कुणी धरत नाही.

तेव्हा मी दरवर्षी उत्तर सांगायचो आणि मंडळी समाधानानं नाहीतर सुस्कारा टाकून घरी जायची. पण एकच प्रश्न दहा वर्षं ऐकल्यावर माणसाला कुतूहल वाटू लागतं. ही अ, ब, क, ड भानगड काढली कुणी? शंभरपैकी गुण द्यायचं कुणाच्या डोक्यात आलं? पहिला नंबर, दुसरा नंबर कुठून आला? म्हणून रविवारी दुपारी झोपायचं सोडून मी जरा वाचन केलं. (सौ.च्या मते मी पुस्तक तोंडावर घेऊन झोपत होतो. पण ते तिचं मत झालं.) त्यातून एक गंमत हाती लागली. गुण, श्रेणी, क्रमांक, पास, नापास ही जी मापं निघाली, त्यांतलं जवळजवळ एकही मूळ आईबापांसाठी निघालेलं नाही. दुसऱ्याच कुणाच्या तरी नावची पत्रं आपण वर्षानुवर्षं फोडून वाचतो आहोत, आणि वर त्यावरून घरात रडारड करतो आहोत.

आपल्या जुन्या पंतोजींच्या शाळेपासूनच सुरुवात करू. तिथं प्रगतिपुस्तक नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती. शाळा भरायची कुणाच्या तरी पडवीत, नाहीतर देवळात. धुळपाटीवर अक्षरं गिरवायची, आणि मग सगळ्या पोरांनी मिळून पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी तारस्वरात घोकायची. तो आवाज अर्ध्या गावाला ऐकू जाणार. बाप ओट्यावर सुपारी कातरत बसलेला असला, तरी आपले चिरंजीव दिडकीत नेमके कुठं गप्प झाले हे त्याला जागच्या जागी कळत असणार. पंतोजी वाटेत भेटले तर फार तर म्हणणार, "पोरगं बरं आहे हो, पण दिडकीत अडतंय." संपलं मूल्यमापन! टक्के नाहीत, सही नाही, शिक्का नाही. पंतोजींच्या हातात छडी होती हे मी विसरलेलो नाही. त्या काळाच्या आठवणीनं गहिवरून यायचं मला काहीच कारण नाही. फक्त तो 'अडतंय' शब्द तेवढा ध्यानात ठेवा. पुढं कामाला येणार आहे.

आता एकदम सातासमुद्रापार जाऊ, कारण मुलांचे लेखी ढीग करण्याची एक जुनी नोंद तिकडे सापडते. अमेरिकेतल्या येल कॉलेजचे अध्यक्ष एझ्रा स्टाइल्स यांनी १७८५ साली ५८ विद्यार्थ्यांची परीक्षा झाल्यावर आपल्या रोजनिशीत त्यांची चार गटांत विभागणी करून ठेवली. २० 'ऑप्टिमी', म्हणजे उत्तम. १६ दुय्यम ऑप्टिमी. १२ 'इन्फेरिओरेस', म्हणजे खालचे. आणि १० 'पेजोरेस', म्हणजे त्याहूनही वाईट. मी बेरीज करून पाहिली, ५८ बरोबर येते. सवय, दुसरं काय!

हे वाचून मला माहेरी आल्यासारखं वाटलं. कारण बँकेतही कर्जांचे चारच ढीग असतात : स्टँडर्ड, सब-स्टँडर्ड, डाउटफुल आणि लॉस. १९९१ च्या नरसिंहम समितीच्या अहवालानंतर ही वर्गवारी आली. स्टाइल्ससाहेबांना ती दोनशे वर्षं आधीच सुचली होती. फरक एवढाच, की त्यांनी लॅटिनमध्ये लिहिलं आणि स्वतःच्या रोजनिशीत लिहिलं. म्हणजे हे पहिलं पत्र लिहिणाऱ्यानं स्वतःलाच लिहिलेलं. 'पेजोरेस म्हणजे किती टक्के?' असं विचारायला कुणाचे तीर्थरूप आले असतील असं वाटत नाही.

मग क्रमांक. हे प्रकरण मराठी माणसाच्या फार जवळचं, कारण 'रँग्लर' हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोचलेला. लहानपणी माझी समजूत होती की रँग्लर हे परांजप्यांचं पाळण्यातलं नाव असावं. पुढं कळलं, की केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत ऑनर्सच्या पहिल्या वर्गात येणाऱ्यांना रँग्लर म्हणतात, आणि त्यांतल्या पहिल्याला सीनियर रँग्लर. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली हा मान मिळवणारे पहिले हिंदी विद्यार्थी ठरले, तेही एका इंग्रज विद्यार्थ्याबरोबर बरोबरीनं. पुढं ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले आणि महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांना 'बघ, नाहीतर तू!' असं म्हणायला एक नाव मिळालं.

पण यादीला जसं डोकं असतं तसं शेपूटही असतं. ऑनर्सच्या यादीत शेवटी आलेल्याला विद्यार्थी समारंभपूर्वक एक लाकडी चमचा देत. हा शेवटचा म्हणजे नापास नव्हे बरं का! ऑनर्स मिळवलेल्यांतला शेवटचा. पण यादी क्रमानं लावली, की कुणीतरी शेवटी येणारच. शंभर हिरे ओळीत मांडले तरी शंभरावा हिरा शेवटचाच. १९०९ साली दिलेला अखेरचा चमचा तर मीटरभराहून लांब होता म्हणतात. त्यानं आमटी वाढायची म्हटली तर पंगत तशीच मोठी हवी.

ही यादी कुणासाठी होती? कॉलेजांच्या फेलोशिप देताना वरचे रँग्लर निवडायला ती सोयीची होती. साहजिकच वरचा नंबर काढून देणारे खाजगी शिकवणीवालेही निघाले. एडवर्ड राउथ नावाच्या अशा एका मास्तरांच्या हाताखालून एकोणिसाव्या शतकात पंचवीसहून अधिक सीनियर रँग्लर बाहेर पडले. आपल्याकडचे क्लासवाले उगाच फुशारकी मारतात. ह्या धंद्याचा आद्य पुरुष केंब्रिजमध्ये होऊन गेला. शेवटी तिथल्याच गणितज्ञांना वाटू लागलं, की पोरं गणित शिकत नाहीत, परीक्षा शिकतात. १९०९ च्या परीक्षेनंतर ती क्रमवार यादी बंद झाली. केंब्रिजनं नंबर सोडला. आपण मात्र "कितवा आला?" हा प्रश्न घरच्या देवासारखा जपून ठेवला.

आता 'पास'. ह्या शब्दाची जन्मकथा माझ्या व्यवसायाला फारच जवळची आहे. इंग्लंडात १८६२ साली रॉबर्ट लो ह्या मंत्र्यानं प्राथमिक शाळांच्या अनुदानाचे नवे नियम लागू केले. मुलाच्या हजेरीबद्दल शाळेला ४ शिलिंग. मग इन्स्पेक्टर येऊन वाचन, लेखन आणि अंकगणित अशी तीन विषयांत परीक्षा घेणार; मूल पास झालं तर दर विषयाला २ शिलिंग ८ पेन्स. तिन्हींत पास झालं तर शाळेच्या पदरात एकूण १२ शिलिंग. एखाद्यात नापास, की तेवढे वजा. म्हणजे 'पास' ह्या शब्दाला चोख रोखीत किंमत होती! मॅथ्यू अर्नॉल्डसारखा कवी तेव्हा शाळा-इन्स्पेक्टर होता. त्यानं ह्या पद्धतीला कडाडून विरोध केला. पण तिजोरीच्या हिशेबापुढं कवीचं कोण ऐकतो? मास्तर तेवढंच शिकवू लागले ज्याचे पैसे मिळत. मुंबई इलाख्यातही 'निकालावर अनुदान' आलं आणि १८८२ च्या हंटर आयोगापुढं त्याची चर्चा झाली. इंग्लंडनं ही पद्धत एकोणिसावं शतक संपता संपता सोडून दिली. तर हे पत्र होतं सरकारी खजिन्याला लिहिलेलं. सरळ भाषेत सांगायचं तर ते प्रगतिपुस्तक नव्हतं, व्हाउचर होतं.

आपली मॅट्रिकही तशीच. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं आणि १८५९ साली पहिली मॅट्रिक झाली. १८६२ साली विद्यापीठाचे जे पहिले चार पदवीधर बाहेर पडले, त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. आता मॅट्रिक म्हणजे मुळात विद्यापीठात आत जायची परीक्षा. दारावरचं तिकीट. पण कचेऱ्यांनी कारकून नेमताना तेच तिकीट मागायला सुरुवात केली आणि मग लोकांनी ते फ्रेम करून भिंतीवर लावलं. नाटक राहिलं बाजूला. ह्या तिकिटावर नोकरीच नव्हे, लग्नंही जमली. 'मॅट्रिक नापास' ही आपल्या देशात एक स्वतंत्र पात्रता होऊन बसली, कारण नापास व्हायला निदान मॅट्रिकपर्यंत पोचावं लागतं.

राहिली अ-ब-क-ड. अक्षरांची एक जुनी आणि पूर्ण पट्टी अमेरिकेतल्या माउंट होल्योक ह्या मुलींच्या कॉलेजात १८९७ साली निघाली. 'ए' म्हणजे ९५ च्या वर. 'बी' ८५ ते ९४. 'सी' ७६ ते ८४. 'डी' म्हणजे बरोब्बर ७५, कसंबसं पास. आणि ७५ च्या खाली 'ई', म्हणजे नापास. पुढच्याच वर्षी त्यांनी पट्टी बदलली : 'ई' म्हणजे ७५ ते ७९, पास, आणि नापासांसाठी नवं अक्षर, 'एफ'. म्हणजे १८९७ मध्ये 'ई' मिळालेली मुलगी रडली असेल आणि १८९८ मध्ये 'ई' मिळालेलीनं पेढे वाटले असतील. अक्षर तेच!

आणि ह्याहून मजेची गोष्ट पहा. तिथं ७४ म्हणजे नापास. आपल्या एस.एस.सी.ला ३५ ला पास, ६० ला पहिला वर्ग, ७५ ला विशेष प्रावीण्य. तेच ७४ घेऊन आलेल्या मुलाला आपल्याकडे बाप खांद्यावर घेईल, आणि शेजारचे वर म्हणतील, "एका मार्कानं डिस्टिंक्शन हुकलं हो, रीचेकिंगला टाका." म्हणून सांगतो, मागचं पान वाचल्याशिवाय पुढच्या पानावर रडू नये. पेढेही आणू नयेत.

इथवर कुणी म्हणेल, पट्ट्या वेगवेगळ्या असतील, पण निदान मुळातला आकडा तरी पक्का असेल. मलाही तसंच वाटायचं. कारण बँकेत एकच व्हाउचर दोघांनी तपासून दोन रकमा आल्या, तर रात्री नऊ वाजेपर्यंत कुणाला घरी सोडत नाहीत. शाळेत तसं नसतं. ज्यांनी बी.कॉम.ला निर्देशांक घोकले असतील त्यांना मार्शल-एजवर्थचं सूत्र आठवत असेल. आठवत नसलं तरी दचकू नका, ते मी विचारणार नाही. त्यातल्या ह्या एजवर्थनं १८९० च्या सुमारास लॅटिन गद्याच्या एकाच उताऱ्याला २८ परीक्षकांनी दिलेले गुण मांडून दाखवले. कुणी ४५ दिले होते, कुणी १०० पैकी १००!

भाषेचं ठीक आहे, म्हणाल. पुढं १९१२ साली स्टार्च आणि इलियट ह्या दोघा अमेरिकन प्राध्यापकांनी इंग्रजीचा एकच पेपर १४२ शिक्षकांकडून तपासून घेतला. गुण आले ६४ पासून ९८ पर्यंत. लोक म्हणाले, इंग्रजीत असं व्हायचंच, गणितात होणार नाही. त्यांनी पुढच्या वर्षी भूमितीचा पेपर पाठवला. तिथं तर खालचा आकडा २८ आणि वरचा नव्वदीच्या पुढं! कारण कुणी उत्तर पाहिलं, कुणी रीत पाहिली, कुणी वहीची टापटीप पाहिली. त्रिकोण बिचारा एकच होता.

तिसरा किस्सा तर आपल्याच माणसाचा म्हणायला हरकत नाही. सर फिलिप हार्टोग हे ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. विलायतेत परतल्यावर त्यांनी रोड्स ह्या संख्याशास्त्रज्ञाबरोबर परीक्षांचीच परीक्षा घेतली. ते निष्कर्ष १९३५ साली प्रसिद्ध झाले. इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका परीक्षकांना तपासायला दिल्या. मग वर्ष-दीड वर्ष जाऊ दिलं आणि त्याच उत्तरपत्रिका त्यांतल्या १४ परीक्षकांना पुन्हा दिल्या. एकूण २१० निकाल झाले. त्यांतले ९२ पहिल्यापेक्षा वेगळे निघाले! परीक्षक तोच, पेपर तोच, आणि विषय इतिहास, जो म्हणे बदलत नाही.

ह्याचा अर्थ मास्तर लबाड असतात असा मुळीच नाही. पेपर तपासणं हे नोटा मोजण्यासारखं काम नाही, एवढाच त्याचा अर्थ. ७१ आणि ७२ ह्यांत जो फरक आपण धरतो, तो बहुधा मुलात नसून तपासणाऱ्याच्या चहाच्या वेळेत असतो. म्हणूनच एक-एक गुणाची किरकिर सोडून दहा-दहा गुणांचे गट करावेत हा विचार पुढं आला. आपल्याकडे शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला आणि महाराष्ट्र शासनानं २० ऑगस्ट २०१० च्या निर्णयानं पहिली ते आठवीसाठी 'सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन' आणलं. नाव एका दमात म्हणता येत नाही, पण कल्पना साधी होती. वर्षभर वर्गात, वहीत, तोंडी, प्रयोगात जे दिसलं ते 'आकारिक'. सत्राच्या शेवटची परीक्षा ती 'संकलित'. दोन्ही मिळून श्रेणी. ९१ ते १०० अ-१, ८१ ते ९० अ-२, ७१ ते ८० ब-१, ६१ ते ७० ब-२, असं उतरत उतरत ३३ ते ४० ला ड आणि त्याखाली ई-१, ई-२. शिवाय शिक्षकांनी प्रत्येक मुलाबद्दल शब्दांत नोंदी लिहायच्या. दोनशे वर्षांत निदान हा एक कागद थोडासा तरी आईबापांच्या पत्त्यावर पाठवलेला होता. आणि आपण काय केलं? ते पत्र घेतलं आणि बँकेतल्या माणसाकडे नेऊन टक्क्यांत भाषांतर करून घेतलं.

त्या भाषांतरात काय हरवतं ते मला २ मे २०१८ ला नीट दिसलं. आदल्या दिवशी, १ मेला, झेंडावंदन होऊन शाळांचे निकाल लागलेले. आमच्या तेव्हाच्या शाखेतले हेड कॅशियर जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडताच माझ्यासमोर बसले. लाखांच्या रोकडीत एक रुपयाचा फरक आला तरी न डगमगणारा हा माणूस. त्या दिवशी चेहरा असा, की मला वाटलं, तिजोरीची किल्लीच हरवली.

"पोरगा घसरला हो," ते म्हणाले. "सहावीला गणितात अ-२ होता. सातवीला ब-१."

"मग?"

"मग काय! आजोळी जायचं रद्द केलं. उद्यापासून सकाळी सातला व्हेकेशन बॅच. दोन दिवस जेवताना मान वर करत नाहीये. आंबा कापून ठेवला तर हात लावत नाही. म्हटलं, राहू दे, लागू दे मनाला."

मी म्हटलं, "साहेब, दोन्ही वर्षांची पत्रकं दाखवा." ती त्यांच्याकडे होतीच, हेड कॅशियर माणूस जुना कागद टाकत नाही. त्या शाळेनं सुदैवानं आकारिक आणि संकलित असे दोन्ही गुण वेगळे दिले होते. सहावीला आकारिक ५० पैकी ४६, संकलित ५० पैकी ३५. एकूण ८१, म्हणून अ-२. सातवीला आकारिक ४० पैकी ३७, संकलित ६० पैकी ४२. एकूण ७९, म्हणून ब-१.

"आता तुम्हीच सांगा," मी म्हटलं, "५० पैकी ४६ म्हणजे किती टक्के?"

"९२."

"४० पैकी ३७?"

त्यांना कॅल्क्युलेटर लागत नाही. "साडेब्याण्णव."

"५० पैकी ३५?"

"७०."

"६० पैकी ४२?"

ते थांबले. पुन्हा मनाशी केलं. मग खिशातलं पेन काढून डब्याच्या झाकणाखालच्या वर्तमानपत्रावर करून पाहिलं. "७०च," ते म्हणाले. मग बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. रोकड टॅली होत नसली की बघतात तसे.

"म्हणजे पोरगा घसरलाच नाही?"

"नाही. उलट अर्धा टक्का वर आहे. सहावीला वर्गातल्या कामाला निम्मं वजन, लेखी परीक्षेला निम्मं. सातवीपासून चाळीस-साठ. तुमचा मुलगा वर्गात चांगला आणि लेखीत बेताचा, म्हणून नुसतं वजन बदलल्यावर दोन गुण कमी झाले. आणि ते दोन गुण नेमके ८० च्या उंबरठ्यावर, म्हणून अक्षर बदललं. ९० चा ८१ झाला असता तर नऊ गुण जाऊनही अ-२ च राहिला असता आणि तुम्ही पेढे आणले असते."

ते काही बोलले नाहीत. मी पत्रक उलटं करून मागचं पान दाखवलं. तिथं बाईंनी निळ्या शाईत, बारीक अक्षरात एक ओळ लिहिली होती. 'तोंडी उदाहरणे झटपट सोडवतो. शाब्दिक उदाहरणे वाचताना घाई करतो व तिथे अडतो.'

अडतो! पंतोजींचाच शब्द. सबंध कागदावर बापाला उद्देशून लिहिलेली तेवढीच एक ओळ होती, आणि तीच कुणी वाचली नव्हती.

हेड कॅशियरांनी डबा उघडला. दुसऱ्या दिवशी पोरगं आजोळच्या गाडीत बसलं. जाताना बापानं त्याला रोज दोन शाब्दिक उदाहरणं घातली होती म्हणे, तीही दहाच्या, वीसच्या, पन्नासच्या नोटांची. आठवीला त्याला काय श्रेणी मिळाली हे मी विचारलं नाही. त्यांनीही आपणहून सांगितलं नाही. ही मात्र मला खरी प्रगती वाटली.

ह्या निमित्तानं आमच्या धंद्यातला एक नियम सांगून ठेवतो. कर्जदाराचं एक खातं थकलं, की त्याची त्याच बँकेतली बाकीची कर्जखातीही थकीत धरायची असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. घराचे हप्ते थांबले, की गाडीचं कर्ज वेळेवर फेडलं जात असलं तरी तेही थकबाकीच्या यादीत. बँकेला हे शोभतं. तिचे पैसे अडकलेले असतात. पण घराघरांतून मी हाच नियम लागू झालेला पाहतो. गणितात ब-२ आलं, की मुलाची चित्रकला थकीत, तबला थकीत, कबड्डी थकीत, आणि काही ठिकाणी तर मुलगाच थकीत! निदान आम्ही सगळी थकबाकी भरली की खातं पुन्हा स्टँडर्ड करून देतो. चौथीत भागाकार चुकलेल्या कित्येकांना त्यांच्या घरच्यांनी तिशी उलटली तरी अजून स्टँडर्ड केलेलं नाही.

तेव्हा वाचकहो, पुढच्या मेमध्ये तो कागद हातात आला, की माझ्याकडे जरूर या, चहा पाजीन. पण त्याआधी घरी तीन गोष्टी पहा. ही पट्टी कुठली आणि गेल्या वर्षीचीच आहे का? आकडा कशाकशाचा मिळून झाला? आणि बाईंनी हातानं लिहिलेली ओळ कोणती? मग बाईंना भेटायला जाल तेव्हा 'किती टक्के' हे विचारू नका. 'कुठं अडतं' हे विचारा. पहिल्या प्रश्नाला त्यांच्याकडे एक आकडा असतो आणि तो तुम्हाला ठाऊकच असतो. दुसऱ्या प्रश्नाला त्या खुर्ची पुढं ओढून बसायला सांगतात, असा माझा अनुभव आहे.

अर्थात ह्या उपदेशाचा किती उपयोग होईल ह्याची मला शंकाच आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आता 'समग्र प्रगतिपत्रक' निघालं आहे. त्यात मूल स्वतःबद्दल सांगतं, वर्गमित्र त्याच्याबद्दल सांगतात, आईबापांनीही लिहायचं असतं. आणि अगदी लहानग्यांसाठी टक्के नाहीत, अ-ब-क नाही. झरा, डोंगर आणि आकाश अशा तीन पायऱ्या! वाचून मला फार बरं वाटलं. म्हटलं, सुटलो. झऱ्याचं टक्क्यांत भाषांतर कोण मागणार?

परवाच आमच्या खालच्या मजल्यावरचे आजोबा नातीचं ते रंगीत पत्रक घेऊन वर आले. चष्मा पुसला, पत्रक माझ्यापुढं धरलं आणि म्हणाले, "सगळीकडे डोंगर आहे आणि गोष्ट सांगण्यात आकाश आहे. जरा बघता का हो?"

मी म्हटलं, "आजोबा, फारच छान! गोष्टी कुणाच्या ऐकते?"

"माझ्याच की. रोज रात्री," आजोबा खुलून म्हणाले. मग इकडे-तिकडे पाहून, आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "ते सगळं खरं हो. पण डोंगर म्हणजे अंदाजे किती टक्के?"